साठ रेफरन्स फोटो जमलेत, पण फिल्म कशी दिसेल ते ठरत नाही

पत्र : नमस्कार. मी कोल्हापुरात माध्यम अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी दहा मिनिटांची शॉर्ट फिल्म करायची आहे. गोष्ट इचलकरंजीतली. वडील यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळीला आहेत. मुलीला पुण्यात ॲडमिशन मिळालंय आणि ते सांगायला ती डबा घेऊन कारखान्यात जाते, पण मागांच्या खडखडाटात बोलताच येत नाही. जागा तीन : कारखाना, घर आणि गच्ची. शूटिंग दोन दिवस, बजेट १२ हजार. मित्राचा कॅननचा क्रॉप सेन्सरवाला डीएसएलआर, १८-५५ आणि ५० एमएम एफ १.८ अशा दोन लेन्स, एक ट्रायपॉड आणि दोन छोटे एलईडी लाइट आहेत. सरांनी आधी ‘व्हिज्युअल प्लॅन’ मागितलाय. मी साठ रेफरन्स फोटो जमवलेत. स्टोरीबोर्ड काढायला घेतला, पण चित्रं जमत नाहीत. कॅमेरा करणारा मित्र म्हणतो, ‘सेटवर बघू.’ सुरुवात कुठून करू? आणि ८५ एमएम लेन्स भाड्याने घेऊ का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी ते साठ फोटो बंद कर. ते वाईट आहेत म्हणून नाही. ते दुसऱ्याच जागी, दुसऱ्याच लाइटमध्ये आणि बहुधा तुझ्या बजेटच्या कितीतरी पट खर्चात काढलेले आहेत. त्यातून तुला ‘मूड’ मिळेल, पण कॅमेरा कुठे ठेवायचा हे कळणार नाही. आणि तुझ्या गोष्टीत तर सगळ्यात अवघड काम आधीच झालंय. बोलता येत नाही, म्हणजे जे काही घडायचं ते दिसूनच घडणार. अशी गोष्ट हाताशी असताना मूड बोर्ड चिकटवत बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

एका वाक्यात लिहून काढ : फिल्मच्या सुरुवातीला काय दिसतं आणि शेवटी त्यात काय बदललेलं दिसतं? तुझ्या पत्रावरून सुचणारं एक वाक्य असं : ‘सुरुवातीला बाप-लेकीच्या मध्ये माग आहे, शेवटी दोघं मागाच्या एकाच बाजूला आहेत.’ तुला दुसरं सुचलं तर ते घे, पण ते डोळ्यांना दिसणारं हवं. ‘मुलीची घुसमट’ हे कॅमेऱ्याला दिसत नाही. मध्ये असलेला माग दिसतो. पुढे लेन्स, कपडे, लाइट, रंग अशा कुठल्याही बाबतीत अडलीस की या वाक्याला विचारायचं. बाप-लेकीमधलं अंतर वाढवायला किंवा कमी करायला जे मदत करत नाही, ते प्लॅनमधून काढून टाकायचं.

रेकी म्हणजे नुसतं बघून येणं नव्हे

कारखान्यात दोनदा जा. एकदा दिवसा आणि एकदा बरोबर त्या वेळी, ज्या वेळी सीन घडतो. सोबत मोजपट्टी, चौकटीची वही, पांढरा कागद आणि तोच कॅमेरा ने. दोन मागांमधल्या गल्लीची रुंदी मोज, मागाची लांबी मोज, दार किती फुटांवर आहे ते मोज. वहीत एक चौकट म्हणजे एक फूट धरून वरून दिसणारा नकाशा काढ. त्यात ट्यूबा कुठे टांगल्यात, प्लग पॉइंट कुठे आहेत, पंखा कुठे आहे आणि मालक कुठे जाऊ देत नाहीत हेही टाक. चित्रकला येत नसली तरी हा नकाशा येतो, आणि सरांना दाखवायच्या फाइलमधलं सगळ्यात कामाचं पान हेच असतं.

मग लेन्सचा हिशेब मांड. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद आहे. माणूस आठ फुटांवर असेल तर ५० एमएम लेन्समध्ये जेमतेम साडेतीन फूट रुंद आणि दोन फूट उंच एवढीच चौकट बसते, म्हणजे डोक्यापासून छातीपर्यंत. त्याच जागेवरून १८ एमएमवर जवळजवळ दहा फूट रुंद दिसतं. आता नकाशाकडे बघ. गल्ली तीन फुटांची असेल तर तिच्यात आडवा कॅमेरा लावताच येणार नाही. तुला गल्लीच्या लांबीतच शूट करायचंय किंवा मागाच्या सांगाड्याच्या आरपार. आरपारचा शॉट तुझ्या वाक्यासाठी आयता आहे. पुढे हलणारा माग, मागे मुलगी. अशा वेळी लेन्स निवडायची नसते, जागाच ती निवडून देते. ‘सेटवर बघू’ म्हणणाऱ्या मित्राला हे गणित दाखव. सेटवर जाऊन त्याला हेच कळणार आहे, फक्त तेव्हा आठ माणसं उभी असतील.

स्टोरीबोर्डसाठी चित्रांऐवजी फोनने फोटो काढ. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) हिशेबात २४ ते २६ एमएमचा असतो. तुझी १८ एमएम लेन्स क्रॉपमुळे, म्हणजे सेन्सर छोटा असल्यामुळे, २९च्या आसपास पडते, म्हणजे फोन किंचित झूम केला की जवळजवळ तीच चौकट. ५० एमएम पडते ८० एमएमसारखी, त्यासाठी फोन तीन पट झूम कर. कलाकारांच्या जागी मैत्रिणींना उभं कर. फक्त उंची साधारण जुळायला हवी, नाहीतर डोळ्यांच्या पातळीचा अंदाज चुकतो. आणि फोन हात लांब करून आपल्या डोळ्यांच्या उंचीवर धरू नकोस. ट्रायपॉड जिथे मावेल तिथे आणि ज्या उंचीवर राहील तिथेच धर.

हे फोटो कुठल्याही फुकटच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये (डाव्हिन्ची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते) ओळीने लाव, खाली मोबाइलवर रेकॉर्ड केलेला मागांचा आवाज टाक आणि बघ. दहा मिनिटं भरतात का, कुठे एक इन्सर्ट (हात, डबा अशा तपशिलाचा जवळचा शॉट) कमी पडतोय, कुठे सलग तीन मिड शॉट आलेत, हे एका संध्याकाळी कळेल. हाताने काढलेला स्टोरीबोर्ड फक्त कारखान्यातल्या मुख्य सीनसाठी कर, कारण तिथे शॉटचा क्रम हाच अर्थ आहे. तिथेही काडीची माणसं चालतील. बाण मात्र स्पष्ट हवेत : माणूस कुठे जातो, कॅमेरा कुठे जातो, नजर कुठे आहे.

कारखाना कॅमेऱ्याला काय करतो

ही टेस्ट शूटिंगच्या दिवशी करायची नसते. रात्रीच्या रेकीत कर आणि क्लिप लॅपटॉपवर बघ. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर यातलं निम्मं दिसत नाही.

पहिली भानगड ट्यूबांची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याच्या मेनूत व्हिडिओ सिस्टीम ‘पाल’ कर, फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेव. १/१००सुद्धा चालतं. १/६० किंवा १/१२५ ठेवलंस तर चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसू शकतात, आणि ते एडिटिंगमध्ये सहजासहजी जात नाहीत. स्वस्त एलईडी ट्यूब कधीकधी या नियमालाही जुमानत नाहीत. पट्टे आलेच तर नेमकी कोणती ट्यूब त्रास देते ते एकेक बंद करून शोध आणि नकाशावर फुली मार.

दुसरी भानगड मागावरच्या ताणलेल्या धाग्यांची. जवळजवळ लावलेल्या बारीक समांतर रेषा हे डीएसएलआरच्या व्हिडिओचं दुखणं आहे. त्या रेषा सेन्सरच्या ओळींशी अडखळतात आणि चित्रात इंद्रधनुषी लाटा उठतात. कॅमेरा थोडा फिरवला, एक-दोन फूट पुढेमागे केला किंवा धागे फोकसच्या बाहेर ठेवले की लाटा जातात. म्हणून ‘धाग्यांवर फोकस, मग बापाच्या चेहऱ्यावर फोकस’ असा शॉट डोक्यात असेल, तर तो याच टेस्टमध्ये करून बघ. याच कारणासाठी कलाकारांना बारीक रेघांचा शर्ट नको.

तिसरं, धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा तुकडा. १/५०वर धावता धोटा निव्वळ पुसट रेघ दिसेल. दिसू दे, वेग तोच आहे. धोटा स्पष्ट दिसावा म्हणून शटर १/५०० केलंस तर दहापट उजेड लागेल, तो तुझ्याकडे नाही. धोटा दाखवायचाच असेल तर माग थांबलेला असताना, धोट्यातली सुताची कांडी बदलणाऱ्या हाताचा क्लोज घे.

आणि आता कारखान्याने तुला फुकट दिलेली गोष्ट. ट्यूबा वर टांगलेल्या असतात, त्यामुळे गल्लीत सरळ उभ्या माणसाच्या डोळ्यांखाली काळ्या खळ्या पडतात. पण मागावर वाकलेल्या माणसाचा चेहरा बघ. समोरच्या विणलेल्या पांढऱ्या कापडावरून उजेड खालून वर येतो आणि चेहरा मऊ उजळतो. म्हणजे बाप वाकला की उजेडात आणि गल्लीत उभी मुलगी अंधारात, हे आपोआपच होतंय. शेवटी ती त्याच्या बाजूला येऊन त्याच कापडावर वाकली, की तिचाही चेहरा उजळेल. तुझं एका वाक्यातलं अंतर इथे लाइटमध्येच मिटतं, एकही एलईडी न लावता. पांढरं कापड चालू असलेला माग कोणता आहे ते विचारून ठेव. रंगीत सुताचा माग असेल तर तो रंग चेहऱ्यावर चढेल. कापड कमी पडलं तर फ्रेमच्या खाली, कमरेच्या उंचीवर थर्माकोलची शीट धर.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने कशाला पांढरं धरायचं ते, ऑटोवर ठेवू नकोस. पांढऱ्या कागदावर कस्टम सेट करून पूर्ण सीनभर तोच ठेव, नाहीतर मुलगी फ्रेममध्ये आली की भिंतीचा रंग बदलेल आणि शॉट एकमेकांना जुळणार नाहीत. ५० एमएम लेन्स एफ १.८वर, म्हणजे जास्तीत जास्त उजेडासाठी पूर्ण, उघडायचा मोह होईल. आठ फुटांवर तेव्हा फोकसची खोली जेमतेम सहा इंच असते. मुलगी एक पाऊल पुढे आली की गेली. एफ २.८ ठेव, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढव, थोडा ग्रेन, म्हणजे चित्रात दाणे, आला तरी चालतो. आउट ऑफ फोकस शॉटचं काही करता येत नाही.

लेन्स शेडमध्ये बदलायची नाही, बाहेर जाऊन बदलायची. हवेत कापसाचे तंतू असतात, सेन्सरवर एक चिकटला तर पुढच्या सगळ्या शॉटमध्ये दिसतो. हॅलोजन लाइट तर अजिबात नेऊ नकोस, तापलेला दिवा आणि कापसाची धूळ हे आगीचं साधन आहे. मुलीची ओढणी पिन करून टाक किंवा पोशाखातूनच काढ. मागाच्या फिरत्या पट्ट्यांजवळ लोंबतं काही नको. मागाच्या दोन्ही टोकांना, धोट्याच्या धावेच्या रेषेत, कुणालाही उभं करू नकोस, ट्रायपॉड धरलेल्या मित्रालाही. धोटा कधीकधी उडतो. ज्या मागांवर तू शूट करणार तिथल्या कामगाराला मजुरी कापडाच्या हिशेबाने मिळत असेल, तर तुझ्यासाठी माग थांबवला की त्याचं नुकसान होतं. तेवढी भरपाई बजेटमध्ये आधीच धर आणि त्याच्याशी बोलून पाळी बदलायची वेळ साध.

रंग आणि कपडे

शेडमध्ये सगळं मळकट पांढरं, राखाडी आणि ऑइलचं काळं असतं. तिथे एकच ठळक रंग पुरतो. मुलीचा ड्रेस मोहरीच्या पिवळ्या रंगाचा घेतलास तर लांबूनही ती दिसेल. पण मग तो पिवळा दुसरीकडे कुठेही नको : डब्याची पिशवी, घरातली उशी, गच्चीवरची बादली, सगळं तपास. रंगांची योजना बहुतेकदा बिघडते ती पार्श्वभूमीतल्या प्लॅस्टिकमुळे.

बापाला पांढराशुभ्र बनियन नको. ट्यूबखाली तो जळून जातो, म्हणजे त्यातले सगळे तपशील पांढऱ्यात विरतात. चहाच्या पाण्यात बुडव : लिटरभर उकळत्या पाण्यात दोन मोठे चमचे चहापूड, गाळून घेऊन दहा मिनिटं. सुती कापडच रंग धरतं, पॉलिस्टर धरत नाही. केसांवर आणि भुवयांवर तंतू दाखवायचे असतील तर कापूस अगदी विरळ ओढून लाव आणि लगेच समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढून ठेव. दोन तासांनी तेवढाच लावायचा असतो.

भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून काटे सीनच्या वेळेवर लाव. कॅलेंडरचं पान गोष्टीतल्या महिन्याचं ठेव. ॲडमिशनचा मेसेज फोनवर दाखवणार असशील तर अक्षरं मोठी कर आणि स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आण, नाहीतर स्क्रीन नुसता पांढरा चौकोन दिसेल. प्रिंट काढलेलं पत्र त्याहून सोपं पडेल. खडखडाटात तो कागद बापाच्या हातात देता येतो, आणि कागदावर ऑइलचा अंगठा उमटतो.

घर आणि गच्ची

घरचा सीन सकाळचा ठेव, बाप पाळी संपवून आलाय. खोलीतली ट्यूब बंद, उजेड फक्त खिडकीचा. समोरच्या बाजूला पांढरी चादर ताणून तोच उजेड चेहऱ्यावर परत आण. सत्यजित राय यांच्या १९५६च्या ‘अपराजितो’ या सिनेमात बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं होतं. तिथे आभाळातून उतरतो तसा सावल्या न पाडणारा उजेड हवा होता, म्हणून कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणून दिव्यांचा झोत खालून त्याच्यावर टाकला. तुझ्या चादरीचं तत्त्व तेच. भिंत निळ्या किंवा हिरव्या ऑइल पेंटची असेल तर माणसं भिंतीपासून तीन फूट दूर बसव, नाहीतर गाल निळे पडतात. खिडकीत थेट ऊन येत असेल तर ते किती वाजता कुठे सरकतं ते आदल्या दिवशी बघून लिहून ठेव.

गच्चीवर सूर्यास्तानंतरचा निळा उजेड हवा असेल तर हातात वीस-बावीस मिनिटं असतात. त्यात तीनच शॉट धर. तासभर आधी सगळ्या जागा ठरवून तालीम कर. लाँग शॉट आधी घे, कारण आभाळ विझत जातं. क्लोज शेवटी, त्याला चेहऱ्यावर एलईडी मदत करतो. व्हाइट बॅलन्स इथेही लॉक, नाहीतर कॅमेरा तो निळा रंग स्वतःच दुरुस्त करून टाकेल.

शॉट डिव्हिजन

शॉट डिव्हिजन, म्हणजे शॉटची यादी, करताना दोन दिवसांत किती होतं याचा हिशेब आधी कर. नवख्या टीमला एक सेटअप (कॅमेरा आणि लाइटची एक मांडणी) लावून, तालीम करून, दोन-तीन टेक घ्यायला पस्तीस मिनिटं सहज लागतात. दिवसाला सोळा सेटअप म्हणजे नऊ तास वीस मिनिटं, जेवण वेगळं. दोन दिवसांचे बत्तीस. त्यातले चार वाचवलेले ठेव. तुझ्या यादीत साठ सेटअप असतील तर फिल्म कशी कापली जाईल हे तू नाही, घड्याळ ठरवेल. एकाच जागेवरून एकाच लेन्सने घ्यायचे शॉट सलग घे, गोष्टीत ते लांब असले तरी.

प्रत्येक शॉटची नोंद एवढी तरी हवी : ‘शॉट ११. ५० एमएम, मिड. कॅमेरा गल्लीच्या आतल्या टोकाला, बापाच्या खांद्यावरून दाराकडे. मुलगी डबा घेऊन थांबते, बापाकडे बघते, नजर फ्रेमच्या डाव्या बाजूला. कॅमेरा स्थिर. पिवळा ड्रेस, हातात पत्र नाही.’ नजरेची दिशा लिहायला लोक विसरतात. नकाशावर बाप आणि मुलगी यांना जोडणारी रेघ ओढ आणि कॅमेऱ्याच्या सगळ्या जागा तिच्या एकाच बाजूला ठेव. रेघ ओलांडलीस तर समोरासमोरची माणसं एकाच दिशेला बघताना दिसतील, आणि जिथे संवादच नाहीत तिथे हा गोंधळ दुप्पट जाणवतो. मुलगी मागाला वळसा घालून बापाच्या बाजूला येते तेव्हा रेघ मुद्दाम मोडता येईल. तो शॉट मात्र तिचं चालणं दाखवणारा, सलग असू दे.

वर-खाली काळ्या पट्ट्या लावून ‘सिनेमास्कोप’ करायचा विचार असेल तर सोड. १९२० बाय १०८० चित्रातल्या उंचीच्या फक्त ८०४ ओळी उरतात, आणि तुझी गल्ली तर अरुंद आणि उंच आहे.

मित्राचं म्हणणं अगदीच चूक नाही. त्याला सहा-सात शॉट ‘यात काहीही बदलायचं नाही’ म्हणून दे आणि बाकीच्यांत मोकळीक दे. सरांना मात्र पाच गोष्टी दे : ते एक वाक्य, तीन जागांचे नकाशे, फोटोंचा स्टोरीबोर्ड, कपडे-प्रॉपर्टीची रंगांसह यादी आणि वेळेचा हिशेब असलेलं शॉट डिव्हिजन.

८५ एमएम नको. तुझ्या कॅमेऱ्यावर आठ फुटांवरून ती दोन फूट रुंद आणि चौदा इंच उंच चौकट देते, म्हणजे नुसता चेहरा, आणि मागे सरकायला त्या शेडमध्ये जागा नाही. त्या भाड्यात मुलीचा तोच ड्रेस दुसरा घे. पहिल्याला दुपारपर्यंत ऑइल लागलेलं असेल.